स्वतःला विचारायचं, पण कुठल्या आवाजात?

एक जानेवारी हा मागे वळून बघायला अगदी गैरसोयीचा दिवस आहे. फोन सारखा वाजत असतो, आदल्या रात्रीचं जागरण डोळ्यांवर असतं, आणि जो भेटेल तो ‘मग, यंदा काय ठरवलंय?’ असं विचारत असतो. काहीच ठरवलेलं नसेल तर उगाच अपराध्यासारखं वाटतं. मला त्यापेक्षा जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बरा वाटतो. शुभेच्छांचा पूर ओसरलेला असतो, तारीख लिहिताना हात अजून अधूनमधून जुन्या सालाकडे वळतो, आणि पहाटे उठायचं ठरवलेल्यांपैकी बरेचजण पुन्हा आपापल्या मूळ वेळेवर आलेले असतात. आता कुणी काही विचारत नाही. स्वतःला काही विचारायचं असेल तर ही वेळ चांगली.

काय विचारायचं याच्या तयार याद्या हव्या तेवढ्या मिळतात. त्या वाईट असतात असं नाही. पण मला प्रश्नापेक्षा तो कोणत्या आवाजात विचारला जातो हे जास्त महत्त्वाचं वाटत आलं आहे. ‘व्यायामाचं काय झालं गं यंदा?’ हे वाक्य पोलीस चौकीतही बोलता येतं आणि मैत्रिणीबरोबर गच्चीत बसूनही. दोन्हीकडे उत्तरं वेगळी येतात, आणि खरं उत्तर कुठे येईल हे सांगायला नको.

आधी त्या तारखेचा मान थोडा कमी करून घेऊ. एक जानेवारीला आकाशात काही विशेष घडत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, पण त्याचा कॅलेंडरशी संबंध योगायोगापुरता. रोममध्ये इसवी सनापूर्वी १५३ पासून नवे कॉन्सल हे सर्वोच्च अधिकारी या दिवशी पदावर येऊ लागले, म्हणजे मुळात ही सरकारी सोय. पुढे ज्युलियस सीझरने कॅलेंडर सुधारायला घेतलं तेव्हा आधीचा घोळ निस्तरण्यासाठी इसवी सनापूर्वी ४६ हे एकच वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. इंग्लंडमध्ये तर अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं; ते बदलताना १७५१ हे वर्ष २८२ दिवसांतच आटोपलं. त्या साली कुणी ‘यंदा काही करायला वेळच मिळाला नाही’ म्हणालं असेल, तर त्याची तक्रार अगदी रास्त होती.

पण माणसाने आखलेली रेघही कामाची असते. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष अशा वळणांनंतर लोक जिमला जास्त जातात, डाएटबद्दल इंटरनेटवर जास्त शोधतात. जुना ‘मी’ रेघेच्या पलीकडे राहिला, हा आताचा वेगळा, असं वाटल्याने हुरूप येतो. हुरूप चांगलाच. मेख एवढीच, की पलीकडे राहिलेल्या त्या माणसाची आपण साधी विचारपूसही करत नाही. त्याला काय जमलं, तो कुठे अडला, हे न विचारताच त्याच्या जागी नवा माणूस नेमतो, आणि नवा माणूस त्याच वळणावर त्याच दगडाला ठेचकाळतो. जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात संकल्प करणाऱ्या २०० जणांचा मागोवा घेतला होता. आठवडाभराने त्यांतले ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. हा दुसरा आकडा लोक निराश होऊन सांगतात. मला तो बराच मोठा वाटतो. दोन वर्षं एखादी गोष्ट धरून ठेवणं सोपं असतं का?

आता त्या पलीकडच्या माणसाला भेटायला जायचं, तर पहिली अडचण अशी की आपल्याला तो नीट आठवतच नाही. वर्ष कसं गेलं, असं विचारलं की आपण बहुतेकदा डिसेंबर कसा गेला ते सांगतो. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक गमतीशीर, तसा जरा निर्दय, प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंशांच्या बोचऱ्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. मग दुसरा हात तितकाच वेळ तितक्याच गार पाण्यात, आणि त्यानंतर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केलेलं. यांतलं पुन्हा काय करायला आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळाचा त्रास निवडला. शेवट थोडा बरा झाला एवढ्यावर सगळा अनुभव बरा ठरला. प्रयोग दीड मिनिटांचा होता, तो ३६५ दिवसांना जसाच्या तसा लावणं शास्त्रीय नाही, हे मला कळतं. पण डिसेंबरात आठवडाभर खोकल्याने हैराण झालेली व्यक्ती ‘हे वर्ष तब्येतीला फार वाईट गेलं’ म्हणते तेव्हा मला ते गार पाणी आठवतं.

म्हणून मी आठवणीवर भरवसा न ठेवता पुरावे काढते. फोनमधले फोटो महिन्यामहिन्याने मागे नेते, कॅलेंडरातल्या नोंदी उघडते, पाठवलेले ईमेल चाळते. काम रटाळ आहे आणि त्यात मधेच कुठे तरी हरवायला होतं, त्याला इलाज नाही. पण फेब्रुवारी किंवा जून असे जे महिने आपण एका वाक्यात उडवून लावले असते, तिथे गेल्यावर बरंच काही सापडतं. कुणाचा तरी फॉर्म भरून देण्यात गेलेली अख्खी दुपार. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये काढलेला खिडकीचा निरर्थक फोटो. एका अवघड मेलचे चार मसुदे, आणि शेवटी पाठवलेला पाचवा, जो पहिल्या चारांपेक्षा खूपच शहाणा आहे. हे कुठल्याच संकल्पाच्या यादीत नव्हतं, त्यामुळे हिशोबात धरलं गेलं नव्हतं. आपण वर्षाचा निकाल लावतो तो जानेवारीत लिहिलेल्या यादीवरून. पण वर्षाने ती यादी वाचलेली नसते. त्याने मधेच भलतीच कामं पुढ्यात टाकलेली असतात आणि आपण ती निमूट केलेली असतात.

उलटही होतं, हे सांगायला हवं. चाळताना काही गोष्टी अशा दिसतात की नजर तिथून पटकन पुढे सरकते. एखादं नाव, एखादी संभाषणाची खिडकी, एखादा आठवडा. तिथे खरं थांबायला हवं, आणि तिथेच आवाजाचा प्रश्न येतो.

स्वतःशी कठोर बोललं की आपण सुधारतो, हा समज फार खोल रुजलेला आहे. लहानपणापासून शिस्त आणि दरडावणी आपण जोडीनेच पाहिलेली असते, त्यामुळे आतला आवाजही दरडावणारा असला की त्याला जबाबदार म्हणायचं आणि मऊ असला की लाडावलेला. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक या समजाच्या मुळावर येतो. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड परीक्षा दिली, सगळ्यांचीच फजिती झाली. मग एका गटाला सुचवलं, की अशी फजिती पुष्कळांची होते, स्वतःला फार बोलू नका. दुसऱ्या गटाला सांगितलं, की तुम्ही इथवर आलात म्हणजे हुशारच असणार. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पुढच्या परीक्षेसाठी सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. कौतुकापेक्षाही समजूत जास्त कामी आली. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला २०१० चा अभ्यास तर चालढकलीबद्दलच होता: पहिल्या परीक्षेआधी अभ्यास पुढे ढकलल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली.

हे असं का होत असावं? मला वाटतं, दरडावणाऱ्यापुढे कुणीच खरं बोलत नाही, आणि मनही त्याला अपवाद नाही. शिक्षा ठरलेली आहे हे कळलं की मन दोनच गोष्टी करतं. एक तर सगळे गुन्हे एकदम कबूल करून मोकळं होतं, ‘मी आहेच आळशी’, म्हणजे तपशील सांगायला नको. नाही तर वेळ नव्हता, घरी अडचणी होत्या, ऑफिसात काम होतं असं म्हणून हात वर करतं. दोन्ही उत्तरांतून नेमकं काहीच कळत नाही. ‘मी आळशी आहे’ हे वाक्य ऐकायला कबुलीजबाबासारखं वाटतं, पण ती खरं तर पळवाट आहे. संध्याकाळी सातला घरी आल्यावर आपण सोफ्यावर नक्की किती वेळ आणि कशाने जखडून बसतो, दिवसभरातल्या कुठल्या गोष्टीने इतकं रितं केलेलं असतं, हे त्या वाक्यात कुठेच नाही. आणि पुढच्या वर्षी काही बदलायचं असेल तर उपयोग त्या तपशिलाचाच आहे.

कठोर नजर अचूक असते, या समजाला सर्वांत मोठा अपवाद म्हणून मला इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन आठवतो. हा माणूस वर्षानुवर्षं आपल्या खासगी टिपणांत लवकर उठण्याचा निश्चय लिहीत राहिला. कधी नव्या वर्षाला, कधी वाढदिवसाला, कधी ईस्टरला. तोच निश्चय, तोच भंग, तोच पश्चात्ताप. आपण आळशी आहोत याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. याच आळशी माणसाने १७५५ साली इंग्रजी भाषेचा कोश पुरा केला होता, सुमारे ४२ हजार शब्दांचा, लेखनिकांची थोडी मदत सोडली तर जवळपास एकट्याने. स्वतःच्या आयुष्याकडे बघताना त्याला अंथरूण दिसायचं, कोश दिसायचा नाही. बरं, त्या कठोरपणाचा उपयोग म्हणावा तर तो लवकर उठायलाही लागला नाही.

याच्या उलट नमुना त्याच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रोज रात्री काय करायचा ते त्याने क्रोधावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. दिवा नेलेला असायचा, त्याची सवय ठाऊक असलेली बायको गप्प झालेली असायची, आणि मग तो सगळा दिवस पुन्हा तपासायचा, स्वतःपासून काही न लपवता, काही न वगळता. का लपवू, असं तो विचारतो. ‘हे पुन्हा करू नकोस, या वेळी तुला माफ करतो’ असं मला स्वतःला म्हणता येतंच की.

क्रम बघा. माफी आधीच हातात आहे, म्हणून लपवायची गरज नाही, म्हणून सगळं दिसतं.

आणि काय दिसतं त्याला? हा माणूस सम्राट नीरोचा शिक्षक, मग सल्लागार, रोमच्या अतिश्रीमंतांपैकी एक, आणि शेवटी इसवी सन ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमाने मरण पत्करणारा. तपासणीत मात्र येतात त्या गोष्टी अशा: त्या वादात तू जरा जास्तच आवेशाने बोललास. अमक्याला समजावताना इतकं तोंडावर बोललास की तो सुधारला नाही, दुखावला मात्र. मेजवानीत खालच्या जागी बसवलं म्हणून यजमानावर चिडलास. राज्यकारभार नाही, तत्त्वज्ञान नाही, बसायची जागा! मला हे वाचून फार हलकं वाटतं. आपल्या वर्षाची झडती घेताना आपल्याला वाटतं की करिअर, नातेसंबंध, आरोग्य अशा जाडजूड मथळ्यांखालीच काहीतरी निघायला हवं. पण दिवस बिघडतात ते बहुतेकदा बसायच्या जागेवरूनच. मीटिंगमध्ये आपलं वाक्य कुणी तरी तोडलं, ग्रुपवर आपल्या मेसेजला कुणी उत्तर दिलं नाही, आणि पुढचे तीन तास त्याचंच चर्वण.

बेंजामिन फ्रँकलिनची पद्धत याहून व्यवस्थित, आणि मला तेवढीच कमी आवडणारी. तेरा सद्गुण, छोटी वही, प्रत्येक पानावर आठवड्याचे सात रकाने, आणि चूक झाली की काळा ठिपका. त्यातली एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती: एका आठवड्यात तो एकाच सद्गुणाकडे लक्ष द्यायचा, बाकीचे बारा आपापल्या नशिबावर सोडायचा. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. जुने ठिपके खोडून त्याच जागी नवे मांडताना वहीच्या कागदाला भोकं पडू लागली, तेव्हा त्याने पुसता येतील अशा हस्तिदंती पानांवर रकाने आखले. त्याला सर्वांत छळलं ते व्यवस्थितपणाने, म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्या जागी ठेवण्याने. ठिपका पडला एवढं वहीत कळतं, कशामुळे पडला ते कळत नाही, ही माझी तक्रार. आजचे ॲप्स तेच करतात. किती पावलं, किती तास झोप, आणि डिसेंबर आला की रंगीत चौकटींत ‘तुमचं वर्ष’. ते बघायला मला आवडतं, खोटं का बोलू, पण ते वर्ष माझं नसून त्या ॲपचं असतं.

फ्रँकलिननेच सांगितलेली एक कथा या विषयात टाळून पुढे जाता येत नाही. एका माणसाला आपल्या कुऱ्हाडीचं सगळं पातं धारेसारखंच लखलखीत हवं होतं. लोहार म्हणाला, तू चाक फिरव, मी घासतो. चाक फिरवणं भलतंच कष्टाचं. थोड्या थोड्या वेळाने हा येऊन कुऱ्हाड बघायचा, आणि शेवटी म्हणाला, असू दे, आहे तशीच नेतो. लोहार म्हणाला, अरे फिरव अजून, आत्ता कुठे ठिपके राहिलेत. त्यावर तो म्हणाला, हो, पण मला वाटतं ठिपक्यांची कुऱ्हाडच मला जास्त आवडते.

हळुवारपणाच्या सगळ्या बोलण्यावर हा खरा आक्षेप आहे. स्वतःला समजून घेता घेता आपण ठिपक्यांची कुऱ्हाड तर उचलून आणत नाही ना? ‘स्वतःला वेळ दे’, ‘जशी आहेस तशी छान आहेस’ ही वाक्यं आजकाल इतकी स्वस्त झाली आहेत, की त्यांच्या आडून काहीही खपून जातं. क्षमा कोणती आणि सबब कोणती, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. ‘असू दे’ हे बघण्याच्या आधी आलं की मला त्याचा संशय येतो. सगळं नीट बघून झाल्यावर, नावगाव-तारखेसकट सांगता येऊ लागल्यावर आलं, तर त्याला मान द्यावा. कुऱ्हाडवाल्याने निदान चाक फिरवून बघितलं होतं. पूर्ण पातं लखलखीत असण्याची किंमत त्याला खांद्यात कळली होती. कोण जाणे, कदाचित त्याला तशी कुऱ्हाड लागतही नसेल. लाकूड काही पात्याच्या चकाकीने तुटत नाही.

आत बघणं म्हणजे आपोआपच चांगलं, असं मात्र नाही. १७ ऑक्टोबर १९८९ ला उत्तर कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी त्याआधी साधारण दोन आठवडे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि विचार करण्याच्या सवयींची नोंद घेतलेली होती. भूकंपानंतर पुन्हा विचारलं, तेव्हा जे आधीपासूनच आपल्या खिन्नतेवर पुन्हा पुन्हा विचार करत बसणारे होते, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. तेव्हा घोळत बसणं वेगळं आणि बघणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, खिडकीबाहेर नजर लावून बसलेली व्यक्ती. मला फरक कळतो तो असा: दहा मिनिटांनी काही नवं सापडलं का? सापडलं असेल तर ते बघणं. तेच वाक्य त्याच क्रमाने पुन्हा येत असेल तर उठावं, भांडी घासावीत, चालून यावं. ‘मी अशी का आहे?’ या प्रश्नाला तळ नसतो. ‘हे केव्हा केव्हा होतं?’ याला निदान उत्तर असतं.

थोडं लांब उभं राहण्याचा आणखी एक उपाय ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तपासला. तणावाच्या प्रसंगी मनाशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव किंवा ‘तू’ वापरणाऱ्यांना कमी त्रास झाला आणि नंतर ते त्याच गोष्टीत कमी घोळत राहिले. आपल्याकडे हे कुणाला नवीन वाटू नये. रामदासांनी मनाला समोर बसवून २०५ श्लोक रचले. उपदेश कडक आहे, सवलत फारशी नाही, पण हाक मारतात ती ‘मना सज्जना’ अशी. ज्याला एवढं ऐकवायचं आहे त्याला आधी सज्जन म्हणून घ्यायचं! आपण स्वतःला कुठल्या नावाने हाक मारतो ते एकदा ऐकून बघावं. किल्ल्या हरवल्यावर तोंडातून जे निघतं ते आपण दुसऱ्या कुणाला म्हणणार नाही.

ज्यांचं वर्ष मोठ्या आघातात गेलं आहे, ज्यांचं माणूस गेलं, ज्यांचं घर मोडलं, त्यांना हे काहीच करायची गरज नाही. अशा वर्षाचा आढावा घ्यायचा नसतो. ते संपलं आणि आपण अजून आहोत, एवढी नोंद पुरे. आत बघितलं की फक्त अंधारच दिसत असेल तर एकट्याने बघूही नये. कुणाला तरी सोबत घ्यावं, डॉक्टरला सुद्धा.

बाकीच्यांनाही हे सहज जमत नाहीच. टिमोथी विल्सन यांच्या २०१४ च्या प्रयोगात लोकांना १५ मिनिटं एका रिकाम्या खोलीत नुसतं बसायचं होतं, सोबतीला फक्त विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण. त्याआधी याच लोकांनी, असा झटका टाळायला आम्ही पैसेही मोजू, असं सांगितलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी स्वतःला निदान एकदा झटका दिला. नुसतं बसून विचार करा, हा सल्ला म्हणूनच मी कुणाला देत नाही. हाताला काम हवं. कागद-पेन घेतलं की मन निदान वाक्य पुरं होईपर्यंत तरी जागेवर राहतं.

लिहिताना मी ‘काय कमावलं’पासून सुरुवात करत नाही. मला जास्त देणारा प्रश्न आहे तो, यंदा कुणी सांभाळलं? मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, आणि त्याने फक्त स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचा पहिला भाग अख्खा याच उत्तराचा आहे: आजोबांकडून काय मिळालं, आईकडून काय, या गुरूकडून, त्या मित्राकडून. यादी करायला घेतली की एकेक नाव अनपेक्षित निघतं. ज्यांना आपण आधार मानतो ते काही वेळा यादीत नसतात, आणि जिच्याशी आपलं वर्षभरात जेमतेम बोलणं झालं अशी कुणीतरी दोनदा येते. यातून पुढे एखादा फोन करावासा वाटला तर तो लगेच करावा, संकल्प म्हणून लिहून ठेवू नये.

दुसरा प्रश्न अर्धवट राहिलेल्यांचा. अपुरी कामं डोक्यात वाजत राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांना २०११ च्या प्रयोगांत दिसलं, की ते वाजणं थांबवायला काम पुरं करावंच लागतं असं नाही. केव्हा आणि कसं करणार याची नेमकी योजना केली तरी मन बरंच शांत होतं. मी यात एक भर घालते: काही कामं करायचीच नाहीत, हेही ठरवून टाकावं. वर्षानुवर्षं यादीतून यादीत उतरत आलेली भाषा, ते वाद्य, तो अभ्यासक्रम. कधीकाळी ते खरंच हवं होतं, आता नको आहे. त्यावर समारंभाने रेघ मारावी. हे हरणं वाटतं खरं, पहिला अर्धा तास.

मग पुढचं. इथे मी हात आखडता घेते, कारण जोर्दी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांचा २०१३ चा अभ्यास. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांपैकी काहींना विचारलं, की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि काहींना, की येत्या दहा वर्षांत किती बदलाल. सगळ्या वयांत मागे बघणारे म्हणाले, खूप बदललो; पुढे बघणारे म्हणाले, फारसं नाही. तिशीतलेही तेच आणि पन्नाशीतलेही तेच. प्रत्येकाला आपण आता कुठे तयार झालो असं वाटतं. म्हणजे जानेवारीत बसून डिसेंबरातल्या बाईसाठी मी जे फर्मान काढणार, ती बाई मला धड माहीतच नाही. तिच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात, आणि उरलेलं पान तिला मोकळं द्यावं.

लिहिलेलं कुणाला दाखवायचं का, हा प्रश्न शेवटी उरतोच. मी म्हणेन, नको. दाखवायचं ठरलं की आवाज पुन्हा बदलतो, आपण बरे दिसू लागतो. इंग्लंडच्या नौदलाच्या कारभारातला अधिकारी सॅम्युअल पीप्स याने १ जानेवारी १६६० ला डायरी सुरू केली आणि डोळे जातील या धास्तीने ३१ मे १६६९ ला थांबवली. वर्ष संपलं की तो पैशांचा आणि तब्येतीचा हिशोब मांडायचा, दारू आणि नाटकं कमी करण्याच्या शपथा घ्यायचा, मोडल्या की दंड गरिबांच्या पेटीत. सगळं शेल्टनच्या लघुलिपीत लिहिलेलं, कुणाला सहज वाचता येऊ नये म्हणून. आणि तरीही त्या वह्या त्याने छान बांधून घेतल्या, आपल्या ग्रंथसंग्रहात लावल्या, आणि तो सगळा संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजला जाईल अशी व्यवस्था केली. १८१९ पासून जॉन स्मिथ नावाचा एक तरुण सुमारे तीन वर्षं ती लिपी उलगडत बसला, आणि त्या लिपीचं मार्गदर्शक पुस्तक त्याच संग्रहात होतं, हे त्याला कळलंच नाही. तेव्हा पीप्सला वाचक नको होता की हवा होता, यावर आता दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माझ्या बाबतीत तो वाद उद्भवणार नाही. माझं अक्षर तीन आठवड्यांनी माझं मलाच लागत नाही.